तीन इंचांची तयारी

दर रविवारी सकाळी सात वाजता आमच्या शेजारचे कर्णिक सर आपल्या जीपची उंची मोजतात. चार चाकं, चार मापं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत पोलादी टेप लावायची, डोळा टेपसमोर आणायचा, श्वास रोखायचा आणि आकडा मोठ्यानं म्हणायचा. मग तो वहीत लिहायचा. जीप अंगणातून फारशी हलत नाही, त्यामुळे आकडे बहुतेक वेळा गेल्या रविवारचेच असतात. तरी मोजून झालं की सर वहीकडे बघून मान हलवतात. डॉक्टर ताप न उतरलेल्या माणसाच्या कागदाकडे बघून हलवतात ना, तशी.

एकदा मी कुंपणावरून विचारलं, "सर, गाडी काय वाढणार आहे का?"

"वाढणार नाही, सुदाम. खचणार. जगातली प्रत्येक वस्तू खचते. किती खचली एवढं तरी आपल्याला माहीत असावं."

रविवारी सकाळी चहाच्या आधी असं ऐकायला लागलं की दिवस कसा जाणार ते कळतं.

सर आता सत्तरीच्या पुढे आहेत. कर्जतच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. मला नववीत त्यांनी काठावर पास केलं आणि वर सांगितलं, "तुझे हात हुशार आहेत, डोक्याला त्यांच्यामागून जाऊ दे." डोकं अजून वाटेत आहे, पण हातांनी मला साजगावच्या एका कारखान्यात फिटर केलं. दहिवलीला आमची आणि त्यांची घरं खेटून आहेत. मालतीबाई, म्हणजे सरांच्या पत्नी, जाऊन नऊ वर्षं झाली. मूलबाळ नाही. घरात सर, एक घड्याळ आणि वह्या.

त्यांचं एक पेटंट वाक्य आहे: "तयारी पुरी नाही." हे ते कशालाही म्हणतात. चहाला बोलावलं तर आधी विचारतात, साखर किती, दूध कसलं, बसायचं कुठे. मग म्हणतात, "उद्या येतो. आज तयारी पुरी नाही." गल्लीत कुणी वारलं की सर भेटायला जायचं ठरवतात, पण काय बोलावं याची तयारी होईपर्यंत तेरावा येतो. एका घरी ते पोचले तेव्हा तिथे वर्षश्राद्धाचं जेवण चाललं होतं. सरांनी तरीही तयार केलेली चार वाक्यं म्हणून दाखवली. ते लोक वर्षभरात विसरत आणलेलं दुःख आठवून पुन्हा रडले.

स्वतःच्या मरणाची मात्र तयारी जय्यत आहे. कपाटात पांढरं कापड आहे, त्यावर 'हेच' अशी चिठ्ठी आहे. कुणाला फोन करायचे त्याची यादी आहे. त्यात माझं नाव चौथं. मला जरा लागलं. शेजारी मी, आणि चौथा?

"तू कारखान्यात असशील," सर म्हणाले. "मशिनच्या आवाजात फोन ऐकू येणार नाही. भावनेवर यादी करायची नसते."

अशा माणसानं तीन वर्षांपूर्वी अचानक जीप आणली. चारही चाकांना ताकद जाते, तसली. खालापूरकडे एका मुंबईवाल्याच्या फार्महाउसवर ती धूळ खात होती. गल्लीला वाटलं, सरांचं काहीतरी बिनसलं. सर ती ताशी वीसनं चालवायचे. सायकलवाले घंटी वाजवून पुढे जायचे आणि वळून बघायचे, आत कुणी आहे का.

जीप आणल्यावर आठवड्याभरात ते मला घेऊन निघाले. "कशेळ्याच्या वर करवंदवाडी आहे. तिथे जायचंय."

"कशाला?"

"काम आहे."

कशेळे सोडलं, डांबर संपलं, आणि चढावर वाट अशी झाली की नदीनं ती करायला घेऊन मध्येच सोडून दिली असावी. एका वळणावर आडवा कातळ होता, पायरीसारखा. पुढची चाकं वर गेली आणि जीपचं पोट कातळावर बसलं. जो आवाज झाला तो मला दातांत ऐकू आला. सर उतरले, वाकले, टेप काढली. बराच वेळ ते कातळाखाली बघत बसले. मग उठून म्हणाले, "तीन इंच कमी पडले."

वाडी तिथून पायी पाऊण तास होती. सरांच्या छातीत एक झडप नीट मिटत नाही, त्यांना चढ चालायला मनाई आहे. आम्ही तसेच उलटे, मागे बघत, खाली आलो. पण मला राहून राहून वाटत होतं, कातळ लागल्यावर या माणसाच्या चेहऱ्यावर निराशा यायला हवी होती. आली ती सुटका झाल्यासारखी काहीतरी होती.

महिन्याभरात पुण्याहून पेटी आली. गाडी तीन इंच उचलायचं सामान: स्प्रिंगचे नवे जाड पाटे, लांब शॉकअप, यू-बोल्ट आणि इंग्रजीत छापलेली बारा पानं. ते मी दोन दिवसांत बसवून दिलं असतं. सरांनी आधी त्या बारा पानांचं मराठी भाषांतर केलं. "गाडीखाली झोपलेला माणूस मातृभाषेत घाबरतो," असं त्यांचं म्हणणं. भाषांतराला चार महिने लागले.

मग बोल्ट. जुने बोल्ट गंजून एकजीव झालेले असतात, खोलायच्या आधी काही दिवस त्यांना तेल पाजावं लागतं. काही दिवस, असं मी म्हणालो होतो. सर रोज संध्याकाळी ड्रॉपर घेऊन गाडीखाली शिरायचे. त्याला ते 'औषध देणं' म्हणायचे. प्रत्येक बोल्टला दोऱ्यानं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली होती, प्रसूतिगृहात बाळांच्या मनगटाला बांधतात तशी. 'मागचा डावा, आतला. हट्टी.' 'पुढचा उजवा. सुधारणा आहे.' वर्षभर औषध घेऊन ते बोल्ट इतके सैल झाले की मला गाडी अंगणातून बाहेर काढायची भीती वाटू लागली. मी गुपचूप जाऊन ते पुन्हा आवळले.

मग अंगण. गाडी उचलायला जमीन सपाट हवी म्हणून सरांनी कोबा करून घेतला. पाणसळीचा बुडबुडा केसभर सरकलेला दिसला म्हणून तो फोडून पुन्हा केला. मग प्रश्न आला, गाडी उंच करणं नियमात बसतं का? सरांनी परवानगीचा अर्ज लिहिला. सुरेख अर्ज होता, मी वाचलाय.

"पाठवला का?"

"लिहून तयार आहे. पाठवायची तयारी पुरी नाही."

दोनदा मी रजा टाकली, जॅक आणि खाली लावायच्या घोड्या उसन्या आणल्या. पहिल्या वेळी सर म्हणाले, हवेत दमटपणा आहे. दुसऱ्या वेळी म्हणाले, पितृपक्ष आहे. गाडीचे पितर कोण, असं माझ्या तोंडावर आलं होतं.

गेल्या पौषात कशेळ्याजवळ कारखान्यातल्या एकाच्या घरी जेवण होतं. परत येताना मी बाजारात चहा प्यायला थांबलो. समोर एक वडापची जीप येऊन उभी राहिली. आत चौदा माणसं, टपावर भाजीची गाठोडी. ड्रायव्हर ओरडत होता, "करवंदवाडी, करवंदवाडी! चला, दोन शीट!"

मी उठून त्याच्याकडे गेलो. "वाडीपर्यंत जाते?"

"दारापोत जाते. का रं दादा?"

"तो कातळ होता ना, वळणावर?"

"तो कवाच फोडला. दोन वर्सं झाली. शिमीट टाकलाय वरपोत. आता रिक्षा पन जाते."

घरी येईपर्यंत मी तापलो होतो. दोन वर्षं! माझे रविवार, माझ्या दोन रजा, ते अंगण. सर ओट्यावर चिठ्ठ्या कापत बसले होते. मी फाटकातूनच म्हणालो, "सर, करवंदवाडीला रस्ता झालाय. रिक्षा जातेय रिक्षा!"

मला वाटलं होतं ते दचकतील. त्यांनी कात्री खाली ठेवली.

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"झाला तेव्हापासून. पेपरात आलं होतं."

सर आत गेले, मोजमापांची वही घेऊन आले आणि उलट्या बाजूनं उघडून माझ्या हातात दिली. पुढून आकडे होते. मागून वाक्यं होती. 'बारकू, मी तुला एक सांगायला आलो आहे.' खोडलेलं. 'बारकू, तुला आठवत असेल.' खोडलेलं. 'बारकू, त्या मंगळवारी.' खोडलेलं. अशी बावीस पानं मी मोजली, पुढची मोजली नाहीत.

बारकूमामा मला आठवत होते. शाळेचे शिपाई. घंटा द्यायचे, आणि चाचणी परीक्षेला शेवटची घंटा आमच्यासाठी दोन मिनिटं उशिरा द्यायचे. मी शाळा सोडल्यावर ऐकलं होतं की त्यांना काढलं, त्यांनी प्रयोगशाळेतलं काहीतरी मोडलं आणि लपवलं. मी तेव्हा 'अरेरे' म्हणालो होतो आणि ते खरं मानलं होतं.

"मी मोडलं," सर म्हणाले.

त्या वर्षी मालतीबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. कुशीवर वळवायलाही माणूस लागायचा. एकदा त्या म्हणाल्या, छताच्या वाशांची संख्या पाठ झाली, आता नवीन काय बघू? सरांनी शनिवारी शाळा सुटल्यावर बारकूमामांना कपाट उघडायला लावलं. शाळेत एकच सूक्ष्मदर्शक होता, तो पिशवीत घालून घरी आणला. कांद्याचा पापुद्रा, विहिरीचं पाणी, मुंगीचा पाय असं सगळं मालतीबाईंना पलंगावर दाखवलं. रविवारभर त्या हसत होत्या. संध्याकाळी उशीवरून तो सरकला आणि फरशीवर पडला. भिंगाला तडा, नळी वाकडी. सोमवारी सकाळी सरांनी तो तसाच कपाटात ठेवला. कपाट बारकूमामांनीच उघडून दिलं.

"मंगळवारी ते उघडकीला आलं. किल्ली कुणाकडे असते? बारकूकडे. मुख्याध्यापकांनी त्याला सगळ्यांसमोर विचारलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, सुदाम. मी फळ्याकडे बघितलं. तो म्हणाला, मला म्हाईत नाय. हंगामी होता. जूनमध्ये कायम होणार होता. त्याला म्हणाले, उद्यापासून येऊ नको."

"आणि तुम्ही?"

"मी ठरवलं, उद्या सांगू. नीट शब्द जुळवून."

मग मी वही मिटून त्यांना दिली आणि म्हटलं, पुढच्या रविवारी साडेसातला बारकूमामांकडे, करवंदवाडीला निघायचं. नाही म्हणालात तर मी एकटा जाऊन सांगून येईन. असं मी त्यांच्याशी आयुष्यात पहिल्यांदाच बोललो.

रविवारी सर तयार होते. इस्त्रीचा सदरा, खिशात चार घड्या घातलेला कागद. जीप होती तेवढ्याच उंचीची. सिमेंटच्या रस्त्यानं आम्ही वर गेलो, ताशी पंधरानं. वळणावर कातळ नव्हता, नुसता फोडल्याचा पांढरा वण होता. सरांनी तिकडे बघितलं नाही.

बारकूमामांचं घर वाडीच्या टोकाला. ते ओटीवर बाजेवर बसले होते, पायांवर घोंगडी. गुडघे गेलेले, डोळ्यांना धूसर दिसतं. त्यांची मुलगी मंजुळा अंगणात वाल सोलत होती. पस्तिशीची असेल. माहेरीच असते, तीच बघते त्यांचं.

"कोन हाय गं?" बारकूमामांनी विचारलं.

मंजुळेनं सरांकडे निरखून बघितलं. "शाळंतलं सर हायेत. करनिक सर."

बारकूमामा घाईनं उठायला गेले, जमलं नाही. "या, या. सर, या. मंजुळे, च्या टाक."

सर बसले नाहीत. त्यांनी खिशातून कागद काढला, उलगडला. वरून खालपर्यंत नजर फिरवली, पुन्हा पहिल्या ओळीवर आले. शेवटी त्यांनी तो मला दिला आणि म्हणाले, "बारकू, ते यंत्र मी मोडलं होतं. मी बोललो नाही. तुझी नोकरी गेली."

मंजुळेच्या हातातली शेंग तशीच राहिली.

बारकूमामा म्हणाले, "म्हाईत हाय की, सर. मीच नाय का काडून दिलं तुमाला. बाई आजारी व्हत्या. मी म्हनलं, माझी नोकरी अशी नाय तर तशी, पन यांची गेली तर बाईंचं औशद कोन आनल?"

सर ओटीच्या कडेला टेकले. बोलली ती मंजुळा.

"बाबा, तुला म्हाईत व्हतं?"

"गप गं."

"नाय गप बसत. मी सातवीत व्हते. मोडल्याचं चोरलं झालं, पोरी मला बोलायच्या, चोराची पोर. मी घरी येऊन तुला इचारलं, तू चोरलंस काय? तू बोल्लास, मला म्हाईत नाय. मी शाळा सोडली. येवडी वर्सं मला वाटत व्हतं, माज्या बापानंच काईतरी केलं आसल." तिचा आवाज चढला नाही. ती सरांकडे वळली. "तवा का नाय बोल्लात, सर?"

सर म्हणाले, "घाबरलो."

"बस?"

"हो. तेवढंच कारण आहे. दुसरं मी खूप शोधलं."

ती उठून आत गेली. आत भांडं आपटल्याचा आवाज झाला, मग तोही थांबला. चहा आला नाही. आम्ही तिघं कोंबड्यांकडे बघत बसलो. बारकूमामा म्हणाले, "तिचं चुकत नाय. मी तिला सांगाया पायजे व्हतं. पोरगी ल्हान हाय, बोलून जाईल, म्हनून नाय सांगितलं. मंग ऱ्हाऊनच गेलं." असं म्हणून त्यांनी सरांच्या दिशेनं हात पुढे केला, पण नीट दिसत नसल्यामुळे तो खांबाला लागला. सरांनी तो धरला.

थोड्या वेळानं बारकूमामा म्हणाले, "गाडी आनलीय काय? आवाज आला. आज कशेळ्याचा बाजार आसल. वडापात मला चडता येत नाय, गर्दी आसते. दीड वरीस मी खाली गेलो नाय."

सर ताडकन उठले. आम्ही दोघांनी बारकूमामांना धरून जीपपर्यंत नेलं. त्यांनी पाय उचलला, तो पायरीवर जेमतेम पोचला. आणखी बोटभर उंच असती तर नसता पोचला. मी सरांकडे बघितलं. सर पायरीकडे बघत होते. पुण्याची पेटी अजून त्यांच्या पडवीत पडून आहे. तिचं काय करायचं हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

निघताना मंजुळा जीपपाशी आली. डोळे लाल होते. वडिलांच्या डोक्यावर टोपी ठेवून, गळ्याभोवती मफलर गुंडाळून ती आमच्याकडे न बघता परत गेली.

बाजारात सरांनी जीप वडाच्या सावलीत लावली. बारकूमामा उतरले नाहीत, आत बसूनच वास घेत होते. सुक्या मासळीचा आला की म्हणायचे, "जवला आलाय." चहावाला चहा घेऊन आला. पन्नाशीचा माणूस, सरांचा जुना विद्यार्थी निघाला. सर त्याला म्हणाले, "हा बारकू. शाळेत होता. त्याच्यावर आळ आला होता सूक्ष्मदर्शक मोडल्याचा. त्यानं मोडला नव्हता, मी मोडला होता."

चहावाला गोंधळला. "कंचा सूक्ष्मदर्शक, सर?"

"शाळेतला."

"असंल, सर. मला नाय आटवत." त्यानं गिऱ्हाइकाच्या हाकेला ओ दिली आणि तो गेला.

सरांनी नंतर आणखी दोघांना तेच सांगितलं. त्यांनाही आठवलं नाही. एकानं तर बारकूमामांनाच विचारलं, "तुमी शाळंत व्हता काय?" ज्या गोष्टीनं दोन घरं बावीस वर्षं कोमेजली, ती बाजारात कुणाकडेच शिल्लक नव्हती. सर परत येऊन स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. बारकूमामा त्यांना म्हणाले, "सर, च्या गार व्हतोय तुमचा."

ऊन चढायच्या आत आम्ही त्यांना वाडीवर परत आणलं. मंजुळेनं वडिलांना उतरवून घेतलं, बाजेवर बसवलं, पाणी दिलं. सर अंगणात उभे होते, जावं की थांबावं ते न कळून. ती सरांच्या अगदी जवळून गेली, सुपातले वाल पाखडायला बसली. दोन-तीन वेळा पाखडून झाल्यावर खाली बघूनच म्हणाली, "पुढल्या बाजाराला येनार काय?"

"येईन," सर म्हणाले.

"मंग सकाळी आट वाजता या. उशीर नको. त्यांना ऊन सोसत नाय."